हौदाचं पाणी

६ ऑक्टोबर

मासूमाला दगड मारला आज. मंगळवार पेठेत, भर दिवसा. दूध घेऊन येत होती — कपाळ फुटलं!

"ए नेपाळी, जा की चीनला!" असं ओरडली म्हणे पोरं. ती काबूलची. हजारा लोकांचे डोळे बारीक असतात, एवढंच. टाके घालताना हूं की चूं केलं नाही. उलट डॉक्टरांनाच विचारलं, "उद्या कामावर जाऊ ना?"

बावीस वर्षांची पोर. इथं शिकायला आली आणि मागे तिकडच्या राजवटीनं मुलींची कॉलेजं बंद केली. इथली शिष्यवृत्तीही संपली. परत गेली तर घरात कोंडतील. निर्वासित म्हणून कार्ड आहे, पण ते पाहिलं की लोक दारातूनच कटवतात. माझ्याकडे माडीवर राहते. मला खाला म्हणते — त्यांच्यात मावशीला म्हणतात तसं. मराठी मीच शिकवलं तिला.

९ ऑक्टोबर

हुपरीला जाऊन आले. आकारामदादा, माझा मावसभाऊ, त्याचा पैंजणांचा कारखाना. जूनपासून मासूमा तिथं डाक लावायला, म्हणजे बत्तीनं चांदीचे सांधे जोडायला, शिकतेय. बोटांवर भाजल्याचे डाग.

दागिने घडवायला शिकवणारी एक संस्था तिला जानेवारीत घेतेय. राहायची सोय, पुढे नोकरी! अट एकच — कारखानदारानं तिच्या सचोटीची हमी द्यायची. दादा म्हणाला, "देतो की! पोरगी वाघीण हाय. दिवाळीचा हौद तेवढा उपसू दे."

हौद म्हणजे कारखान्याच्या दारातलं सिमेंटचं टाकं. संध्याकाळी निघताना प्रत्येकानं त्यात हातपाय धुवायचे, केस झटकायचे. अंगावरची चांदीची धूळ पाण्यात उतरते. दिवाळीआधी गाळ काढून आटवतात आणि चांदी परत मिळवतात. दादा स्वतः धुतो, वहिनीही धुतात. संशय नाही, रीत आहे.

१६ ऑक्टोबर

हौद उपसला. चांदी कमी निघाली — बरीच. दादाचा फोन. "अनुजे, तुझ्या पोरीला जरा इचारून बघ."

नाही विचारलं. काय विचारायचं?

१७ ऑक्टोबर

 जसं झालं तसं लिहिते.

दुपारी हुपरीला पोचले तर अंगणात गर्दी. दादाचा मुलगा पृथ्वीराज तिला केसांना धरून फरफटत होता. "दिवसातनं दोनदा मागच्या नळावर हात धुतीया! सगळी चांदी गटारात! आन् ती गटारातनं कोन काढतंय तुझ्यासाठी? बोल की!"

ती नमाजाआधी वजू करते. हात, तोंड, पाय — स्वच्छ वाहत्या पाण्यात. हौदातल्या काळ्या पाण्यानं कशी करणार? संध्याकाळी हौदात धुवायची न चुकता. पण दुपारीही तिथंच धुवायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ती नळावर का जाते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"नमाज, नमाज" म्हणत राहिली. थोबाडीत मारली. मग पोटात लाथ. कुणीतरी पक्कड फेकून मारली — दात तुटला. "केसात बी असंल, धुवा तिला!" हौद नुकताच भरलेला. कारखान्यातल्या दोघांनी मान धरली आणि तोंड पाण्यात दाबलं. वर काढलं. पाणी लाल. पुन्हा दाबलं.

मी धावले. ती नखांनी ओरबाडत होती, त्यामुळे पृथ्वीराज आणखीच चवताळला. त्याच्या हातात गॅसची पेटती बत्ती! वाटलं, आता हा जाळणार पोरीला. मी तिचे हात धरले. घट्ट. "धुऊ दे बाळा, एकदा धुऊ दे त्यांना, मग संपेल —"

पुन्हा दाबलं.

दादा आतून ओरडत आला, तेव्हा सुटली. बरगडी मोडलीय. सरकारी दवाखान्यात आहे.

१८ ऑक्टोबर

शेजारची प्रीती वकील आहे. म्हणते, गुन्हा दाखल करायचा, आजच.

दादा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेला. "घरातलं घरात मिटवू. हमी देतो मी. पोलिसात गेलीसा तर हमी न्हाय, आन् तिच्या त्या कार्डाचं काय व्हईल त्ये बघा मग. पोरगं चुकलं, व्हय. पर तिनंबी..."

"तिनं काय, दादा?"



कारखान्यातल्या झुंबरबाई पेज घेऊन आल्या होत्या. त्याला ऐकू जाईल अशा बोलल्या, "मिश्री लावून मीबी त्याच नळावर हात-त्वांड धुतीया रोज. मला न्हाय बुडीवलं कुनी!"

दादा उठून गेला.

मला काय हवंय? पृथ्वीराजचं तोंड त्याच हौदात दाबावं! मला — मुंगीवर पाय पडला तरी हळहळणाऱ्या मला — असं वाटतंय. आणि तिची जागाही जाऊ नये असं वाटतंय.

२० ऑक्टोबर

मासूमाला दोन्ही बाजू सांगितल्या. तक्रार केली तर दादाची हमी गेली. मग म्हटलं, "मी देते हमी. संस्थेला विनवते, पाया पडते." 

केसांतला गुंता काढायला गेले. डोकं बाजूला घेतलं. कपाळ अजून दुखत असेल.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दिवा लावला नाही. बाहेर एवढे फटाके की प्रत्येक वेळी मी दचकते.

२३ ऑक्टोबर

प्रीतीचा फोन. मासूमानं काल पोलिसांना जबाब दिला. आकारामची हमी नको म्हणाली. दुभाष्याही नको म्हणाली. सगळं मराठीत सांगितलं. प्रीतीनं मला वाचून दाखवलं. पृथ्वीराज. ती दोन माणसं. आणि चौथं नाव — "अनुजा चौगुले यांनी माझे हात धरून ठेवले, म्हणून मला तोंड पाण्यातून वर काढता आलं नाही."