माशी दिसते का

एल्डर क्रीक, कोलोरॅडो
२ ऑगस्ट २००४

चि. लिओटा हिस,
अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली ग्रोव्हरची ठासणीची बंदूक नीट पोचली. पेटी उघडताना त्याला जाऊन वर्ष झालं हे खरं वाटेना. अकरा वर्षं अर्ज करून यंदा एल्क सांबराचा परवाना लागलाय, तेव्हा तुझ्या मनासारखं होईल. तुझ्या नवऱ्याची बंदूक डोंगरावर जाईल.

पण इथे एक घोळ आहे. नियमांची पुस्तिका तीनदा वाचली. बंदूक चालते, पण तिच्यावरची दुर्बीण चालत नाही. तू पाठवलेल्या दारूच्या वड्या चालत नाहीत, सुटी दारू मोजून नळीत ओतायची. गोळी चालते, पण ग्रोव्हरच्या गोळ्यांना प्लॅस्टिकचं आवरण आहे, तेही चालत नाही. शेजारच्या ट्रूडीला विचारलं, तर ती म्हणाली की हा हंगाम मुद्दाम जुन्या रीतीच्या शिकारीसाठी ठेवलाय, दुर्बीणच हवी असेल तर पुढे साध्या रायफलवाल्यांच्या गर्दीत जा. म्हणजे मी करायचं काय?

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
ऑरिन

मॅकनील कॉर्नर्स, ओहायो
११ ऑगस्ट २००४

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं गरगरलं. इथे ग्रोव्हर वर्षानुवर्षं हीच दुर्बीण नि ह्याच वड्या घेऊन हरणामागे जायचा, कोणी हूं की चूं केलं नाही. राज्याची हद्द ओलांडली की वडी वाईट आणि भुकटी चांगली, हे त्या सांबराला कोण समजावणार?

शेवटी तुमच्याकडच्या शिकार खात्यात फोन लावला. बाई गोड होती. म्हणाली, नजर अधू असली तर एक फॉर्म असतो. त्यावर डॉक्टरची सही आणली आणि अर्ज मंजूर झाला, तर दुर्बीण वापरता येते. मी तिला सांगितलं, आमच्या दादाची नजर घारीसारखी आहे. तरी तिने फॉर्म तुझ्या पत्त्यावर पाठवलाय. नको असेल तर चूल पेटवायला घे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. डब्यातले बीन्स थंडच खातोस हे मला ठाऊक आहे.

तुझी,
लिओटा

एल्डर क्रीक
२४ ऑगस्ट २००४

चि. लिओटा हिस,
अनेक आशीर्वाद. दुर्बीण उतरवून पेटीत ठेवली आणि नळीच्या टोकाला नेम धरायची साधी माशी, म्हणजे तो बारीक मणी, बसवून घेतली. रोज सकाळी खळ्यामागे सराव करतो. पन्नास पावलांवर रंगाच्या डब्याचं झाकण टांगलंय. दहांतल्या दोन लागतात. दारू कमी केली, जास्त केली, दुसऱ्या जातीच्या गोळ्या आणल्या, काही फरक नाही. काल ट्रूडीने तीच बंदूक घेतली आणि पाचच्या पाच झाकणात घातल्या. वर म्हणाली, बंदुकीला तुझा राग आलेला दिसतो. मला खरंच काही कळत नाहीये. ग्रोव्हरची बंदूक परक्या हाताला रुळत नसेल, असंही मनात येऊन गेलं.

फॉर्म आला असेल, कागदांच्या ढिगात कुठेतरी पडला असेल.

लोभ आहेच, तो असू दे.
ऑरिन

मॅकनील कॉर्नर्स
१ सप्टेंबर २००४

ती. दादास,
सा. न. वि. वि. आधी मीही दारूला दोष दिला, मग गोळीला. पण तूच लिहितोस की ट्रूडीने पाचही मारल्या. बंदूक तीच, दारू तीच, माशी तीच. मग बदललं कोण?

आणखी एक. तुझ्या पाकिटावर माझ्या पत्त्याच्या दोन ओळी एकमेकींवर चढल्यात. पोस्टमन विचारत होता, कोणी नातवंड लिहायला शिकतंय का. मी हसून वेळ मारून नेली.

रागावू नकोस, पण सरळ सांग. तुला ती माशी दिसते का?

उलटटपाली उत्तर लिहावंस.
लिओटा

एल्डर क्रीक
२० सप्टेंबर २००४

चि. लिओटा हिस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नव्हतं. हंगाम काल संपला. जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं.

मंगळवारी सकाळी ट्रूडी ओढ्याच्या पलीकडे होती, मी ॲस्पेनच्या झाडांत बसलो होतो. चाळीस पावलांवर नर उभा होता. मान, छाती, शिंगं, सगळं मला दिसलं. मी बार काढला. धूर विरला तर समोर काही नाही. वाटलं, जखमी होऊन पळाला. जखमी जनावर तसंच टाकून येणारा माणूस मी नाही, हे तुला माहीत आहे. ट्रूडी आली. आम्ही दुपारपर्यंत आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी रक्त शोधलं. तिला गोळी सापडली, पायवाटेच्या कडेला एका मोडक्या खोडात, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. पाऊस होऊन जमीन मऊ होती, तरी तिथे एकही खूर उमटलेला नव्हता. ट्रूडीने वळून वाटेकडे पाहिलं. मग म्हणाली, ऑरिन, आपण मघाशी याच वाटेने वर आलो.

लिओटा, मी खोडावर गोळी झाडली. अजूनही डोळे मिटले की नरच दिसतो. खरं काय पाहिलं तेच मला कळत नाही.

फॉर्म ढिगात नाही. पहिल्या दिवसापासून खणात आहे. डॉक्टरची सही घेतली असती तर दुर्बीण मिळाली असती, पण तोच डॉक्टर म्हणाला असता की या माणसाने गाडी चालवू नये. गाव इथून चाळीस मैल. गाडी गेली की मी या घरात राहणार कसा? म्हणून बंदुकीचा दोष काढत बसलो. ग्रोव्हरची बंदूक धुऊन पुसून पेटीत घातलीय. परत पाठवू का?

तुझा,
ऑरिन

मॅकनील कॉर्नर्स
२७ सप्टेंबर २००४

ती. दादास,
सा. न. वि. वि. पत्र वाचलं. आधी तुझा संताप आला. मग त्या वाटेवर आणखी कोणी नव्हतं म्हणून देवाचे आभार मानले. मग पुन्हा संताप आला. आता दोन्ही एकत्र आहेत, त्यांतलं कुठलं आधी लिहू ते सुचत नाही.

बंदूक पाठवू नकोस. तू घरात कसा राहशील ते आधी डोळे दाखवून मग ठरवू. कदाचित डोळ्यांत मोतीबिंदू असेल आणि तो निघेल. कदाचित आणखी काही असेल. तुला न विचारता मी ट्रूडीला फोन केला. तिने डॉक्टरची तारीख घेतलीय, अकरा ऑक्टोबर, सोमवार. मी तुझ्या शेजारी बसेन. डॉक्टर जे सांगेल ते दोघांनी ऐकायचं. हिवाळाभर गाडी मी चालवीन. तुला माझं चालवणं आवडत नाही, तेवढं सोसावं लागेल.

माझी आगगाडी शुक्रवारी, आठ तारखेला दुपारी ग्रँड जंक्शनला पोचते. ट्रूडी न्यायला येणार आहे. दादा, तू येऊ नकोस. दारात उभा राहा, मी हाक मारीन.

तुझीच,
लिओटा