गाढवराव, शेळीबाई आणि तिसरं वळण

विंझर, ता. वेल्हे
शनिवार, १८ जानेवारी २०२५

सौ. सरू हिस,

नवऱ्यानं बायकोला पत्रात नमस्कार लिहायचा का आशीर्वाद, ते मला ठाऊक न्हाई. घरात 'अगं' म्हटलं की भागत होतं. कागदावर 'अगं' बरं दिसंना, म्हणून नाव लिहिलं. हसू नको.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावून तूच वाच, सूनबाई संजीवनीकडून वाचून घेऊ नको. फोनवर बोललो असतो, पण बेंगलोरात तुमचा फोन कायम स्पीकरवर. आपला संजय, सून, नात सगळे कान लावून बसल्यावर माणूस "बरं हाय, जेवलो" याच्या पुढं काय बोलणार?

तर बरं हाय. जेवलो. पावटा चांगला लागलाय. शेजारची फुलाबाई रोज दोन भाकरी जास्तीच्या थापून देती, वर टोमणाबी मारती, "भावजी, तुमचा उपास आमच्या तव्यावर सुटतोय बरं का!" तू गेल्यावर म्हशीनं काही दिवस पान्हा चोरला. आता सरावली बिचारी.

संजयनं पाठवलेला नवा खेळ पोचला. तो पाटीएवढा मोबाईल. आपलेच गाढवराव-शेळीबाई हायेत त्यात. दुपारची जेवणं झाली की आपण दोघं टीव्हीवर खेळायचो तेच. घाटातलं त्यांचं चहाचं हाटेल, आणि खालनं कावडीनं दुधाचा हंडा वर न्यायचा. शेळीबाईनं गिऱ्हाइकाचं वर्तमानपत्र खाल्लं की तू पदर तोंडात कोंबून हसायचीस. नव्यात चित्रं अशी झ्याक, की शेळीच्या दाढीचा केसन् केस दिसतो. संजयनं विचारलं, "आबा, जुना खेळ चांगला का नवा?" म्या म्हटलं, "नवा. त्यात काय विचारायचं?"

त्याचा जीव दुखवायचा नव्हता. तुला खरं सांगतो.

जुन्यात गाढव कुठलं आणि हंडा कुठला हेच आधी कळत न्हाई. टीव्हीला जोडायचा तो संजयचा कॉलेजातला डबा, दर दोन मिनिटांनी खरखरतो. पण त्याला दोघं लागतात. कावडीचा एक खांदा माझा, एक तुझा. दोघांनी उचलल्याबिगर हंडा जागचा हलतच न्हाई. आणि आपण तिसऱ्या वळणाच्या पुढं कधी गेलो न्हाई, ते तुझ्यापायी! तिथं वळणावर शेंदूर फासलेला दगड दिसला, की तू रिमोट मांडीवर ठेवून हात जोडायचीस. शेळी जागेवर, कावड कलंडली, दूध सगळं घाटात.

"अगं, चित्रातला देव तो!" म्या वरडायचो.

"मग घरातला काय चालतोय-बोलतोय? त्योबी फोटोच हाय की."

म्या आपला पुन्यांदा खालनं हंडा उचलायचो.

नव्यात शेळीबाईला कुणी चालवावं लागत न्हाई. ती आपली आपण चालती. चुकत न्हाई, भांडत न्हाई, वर्तमानपत्राकडं ढुंकून बघत न्हाई. तिसरं वळण आलं. शेंदराचा दगड तिथंबी हाय. माझा हात आपसूक थांबला. तुझ्या वाटणीचा नमस्कार म्याच केला. पण ही शेळी थांबती कसली? "चला, चला, गाढवराव!" म्हणत कावडीसकट मला वर फरफटत घेऊन गेली. दुधाचा थेंब सांडला न्हाई. माथ्यावर गेल्यावर फटाके उडाले, गाणं वाजलं. म्या घरात एकटाच. पाटी पालथी घातली ती अजून सरळ केली न्हाई.

आता रोज दुपारी जुनाच डबा लावतो. वायरी दोन्ही जोडतो. तुझा रिमोट तुझ्या गोधडीवर ठेवतो. गाढवराव रिकामेच तिसऱ्या वळणाशी जाऊन उभे राहतात, शेळीबाई खाली रवंथ करीत बसती. लई वेळ गेला की गाढवराव आपणहून मागं वळतात आणि हाक मारतात, "बाई, येताय न्हवं?" खेळात ही हाक हाय हे मला ठाऊकच नव्हतं, सरू. तू कधी एवढी मागं राहिलीच न्हाईस.

गेल्या रविवारी संजय म्हणाला, "आबा, नात शाळंत जाईपर्यंत आईला इकडंच राहू दे. चालंल न्हवं?" म्या म्हटलं, "राहू दे की. माझं काय अडतंय?" तू मागं नातीला थोपटत होतीस. तिचं रडू ऐकू आलं. फोन ठेवला आणि ध्यानात आलं, बापलेकांनी ठरवून टाकलं, तुला कुणी विचारलंच न्हाई.

म्हणून आता विचारतो. तुझा जीव तिथं रमला असंल तर रहा. नातीच्या अंगाचा वास सोडून यावंसं वाटत नसंल, ते मला कळतं. मनात काही धरणार न्हाई. पण यायचं असंल तर सगळ्यांदेखत सांगत बसू नको. पत्र पोचल्यावर जो रविवार येईल, त्या दिवशी फोनवर एवढंच विचार, "गाढवराव कुठवर आले?" बाकीच्यांना वाटंल, म्हातारी खेळाचं विचारती. म्या त्याच संध्याकाळच्या गाडीनं तुला आणायला निघंन. संजयशी काय बोलायचं ते माझं म्या बघंन.

आल्यावर सावकाश हात जोड. दूध सांडलं तर सांडू दे.

तिसऱ्या वळणावर उभा,
सर्जेराव