बायडीसाठी सुपली

प्रिय कुंदाताई,

आई तांदूळ पाखडायची तेव्हा सांडलेला दाणा दाणा आपण दोघी वेचायचो, आठवतं?

मी बोईसरला बरी आहे, पण आज राग आवरत नाही. मी शिकवते त्या बालवर्गात मुलांना कागदावर तांदूळ चिकटवायला दिले होते. पाड्यावरची चिमुरडी बायडी म्हणाली, "गोंद नाय लावायचा. खायाचं हाय." मोठ्या बाईंनी तिला हट्टी ठरवून बाहेर बसवलं. मी भांडले, तर म्हणाल्या, "कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकलात?"

"नाही, आईकडे," म्हटलं.

उद्या बायडी आली नाही, तर मी पाड्यावर जाईन. तुझा गुडघा कसा आहे?

आपण जमवलेल्या शिंपल्या वर्गासाठी पाठव, मुलं त्या चिकटवतील. आईची लहान सुपली बायडीला. मोठ्या बाईंना काही नको.

तुझी धाकटी,
विजू