शेत इंजिनाला, घर रूपेशला

मी, राही देऊ भोईर, वय शहात्तर, राहणार कुळगाव, बदलापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टर अंजनी यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा रूपेश तो मागणारच, म्हणून आधीच घेऊन ठेवला. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. या घरात दडपण आणायचं काम आजवर मीच केलं आहे.

१. राहतं घर रूपेशला. एकुलता एक आहे, आणि तक्रारी करायला माणसाला डोक्यावर छप्पर लागतं.

२. माझ्या सोन्याच्या पाटल्या सून रंजनाला. तिने स्वतःच्या पाटल्या मुलीच्या गाळ्याच्या अनामतीसाठी मोडल्या आणि रूपेशला "पॉलिशला टाकल्यात" असं सांगितलं. ते पॉलिश अजून चालूच आहे. आता माझ्या घालाव्यात.

३. बारवीच्या रस्त्याचं शेत वडिलांनी बक्षीसपत्राने मला दिलं, सातबाऱ्यावर माझं एकटीचं नाव आहे. ते अख्खं शेत, पाण्याच्या मोटरसह, मी माझी नात प्रगती रूपेश भोईर हिला देत आहे. रूपेशचे "भावी नगरसेवक" लिहिलेले जुने फ्लेक्सही तिलाच. पावसात इंजिन झाकायला ते फार उपयोगी पडतात. बापाने मुलीच्या कामाला लावलेला तेवढाच हातभार.

आता कारण लिहिते, म्हणजे मागाहून कुजबुज नको. प्रगती अंबरनाथला एका गाळ्यात रॉकेटची इंजिनं बनवते. पहिलं इंजिन आग बाहेर पडते त्या मानेपाशी वितळलं. दुसरं पेटलंच नाही. तिसरं फुटलं, आणि त्याच महिन्यात तिच्याकडची दोन हुशार मुलं हैदराबादच्या एका कंपनीने दुप्पट पगारावर नेली. मोठ्या कंपन्यांची दहा इंजिनं फुटली तर त्याला अनुभव म्हणतात. हिचं एक फुटलं की सगळे म्हणतात, दुकान बंद कर. एके दिवशी ती माझ्यापाशी येऊन बसली. "आजी, इंजिन बनवू गं आम्ही, पण टेस्ट करायला जागाच नाहीये. बाकीच्यांकडे स्वतःचं टेस्ट स्टँड आहे, पण तिसरं फुटल्यापासून आपल्याला तिथली कोणी डेटपण देत नाही."

मी म्हटलं, "अगो, मंग माजा शेत काय वाहून गेलाय?"

परवानग्या तिने रीतसर काढल्या. पण शेताशेजारच्या टॉवरची सोसायटी आवाजाची तक्रार करी आणि काम थांबे. शेवटी युक्ती मी सुचवली. पुतण्या आकाशच्या हळदीला डीजे लागला, आणि तिकडे शेतात प्रगतीने चौथं इंजिन पेटवलं. आगरी हळदीत कोणाला काय ऐकू येणार? इंजिन शेवटपर्यंत टिकलं. रूपेश तेव्हा मांडवात नाचत होता, त्याला ही बातमी हे वाचूनच कळेल. दुसऱ्या दिवशी सोसायटीची तक्रार आली, पण ती डीजेविरुद्ध.

आता पुढचं इंजिन मोठं आहे, आणि ते चालताना बघायला गिऱ्हाईक स्वतः येणार आहे. शेत गेलं तर तिचं सगळंच गेलं. रूपेशला ते बिल्डरला द्यायचं आहे. "आई, टावर झाला का चार फ्लॅट भेटतील. तुला लिफ्ट पन भेटंल," असं तो म्हणाला. मी म्हटलं, "वर जायाला मना लिफ्ट लागनार नाय रं."

शेत कधीच विकू नये अशी अट कायद्यात टिकत नाही, असं वकील सांगतात. बरं, मग ती अट समजू नये, शाप समजावा.

४. दहाव्याला उल्हास नदीवर पिंड रूपेशनेच ठेवावा. कावळा लगेच शिवणार नाही, हे आताच सांगून ठेवते. लोक म्हणतील, म्हातारीचा जीव पाटल्यांत अडकलाय. कोणी "टॉवर होईल गो, काळजी करू नको" असंही म्हणेल. तसं कोणी म्हटलं तर कावळा त्या दिवशी उपाशी जाईल.

मुलगी काय करते असं कोणी विचारलं की रूपेश "कंपनीत कामाला आहे" एवढंच सांगतो. फुटलेल्या इंजिनांची त्याला लाज वाटते. प्रगती शेजारी उभी राहून ऐकते. मला ते फार लागतं. म्हणून त्याने सगळ्या भावकीसमोर म्हणावं, "माझी पोर रॉकेटचं इंजिन बनवते. शेत तिचं आहे." आणि मोठ्याने म्हणावं. कावळ्याला हळू बोललेलंही कळतं, पण प्रगतीला ऐकू गेलं पाहिजे.

त्याच दिवशी इंजिन पेटवायचं असेल तर आधी कावळ्याचं जेवण होऊ द्यावं. नाहीतर तालुक्यातले सगळे कावळे उडून जातील आणि मी मधेच लटकेन.

हे सगळं मी वाचून, समजून, खुशीने लिहिलं आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या पुष्कळ दिल्या होत्या, त्या रद्द समजाव्यात.

सही: राही देऊ भोईर
ठिकाण: कुळगाव, बदलापूर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:

साक्षीदार १: डॉ. अंजनी शेलार

साक्षीदार २: हितेश ठक्कर, सचिव, शेजारच्या टॉवरची सोसायटी

(साक्षीदाराने सही होताना बघायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, हे वकिलांना विचारूनच मी हितेशभाईंना चहाला बोलावलं. सही करताना ते म्हणाले, "काकू, शेतातला तो आवाज आता कायमचा बंद होणार ना?"

मी म्हटलं, "करा सही. सगला आत लिवलाय.")