दादा, तुमचं हिरवं कूलंट

आदरणीय गोंबोसुरेन दादांना,

धाकटी बहीण नोर्जमा हिचा, तुमच्या कोपरांना खालून दोन्ही हातांचा आधार देऊन, वाकून नमस्कार. नवं वर्ष सुखाचं जावो. हिवाळा फार अंगावर आला नाही ना? मेंढ्यांच्या पाठीवर मांस टिकून आहे ना? घोड्यांना बर्फाखालचं गवत उकरता येतंय ना? सेवजिद वहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुमचा रक्तदाब? (हे पत्र वाचायच्या आधी गोळी घ्या.) आमच्याकडे मी ठणठणीत, माझे यजमान चोइजिल ठणठणीत, आणि गाडीही ठणठणीत. हे शेवटचं वाक्य जमलेल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, कारण परवा फोनवर तुम्ही जे बोललात तेही सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलला होतात.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. तर फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. गेली पन्नास वर्षं हीच पद्धत आहे. पत्राला मधेच ‘गप गं’ म्हणता येत नाही. तेव्हा आता बसा, तपकिरीची डबी काढा आणि शेवटपर्यंत वाचा.

शरदात लोकर घेऊन येणाऱ्या ट्रकबरोबर तुम्ही मला कूलंटचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, एक कॅन धाडलात. गर्द हिरवं. सोबत ड्रायव्हरच्या तोंडी निरोप, की अस्सल आहे, पाण्याचा थेंब घालू नका, आमची जीप जन्मभर हिरव्यावरच चाललीय. दादा, तुमच्या जीपबद्दल मला आदर आहे. ती काहीही पिते. उद्या तिला घोडीचं आंबवलेलं दूध पाजलंत तरी ती डोंगर चढेल. पण माझी गाडी जपानहून आलेली, आणि तिच्या पोटात आधीपासून लाल होतं. म्हणून तो कॅन मी बाल्कनीत ठेवला आणि नव्या वर्षाच्या सणाला तुमच्याकडे निघायच्या आधी, पातळी खाली गेली म्हणून, उलानबातरच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले.

तिथे काय सांगू! पहिला म्हणाला, लाल घ्या, लाल टिकतं. दुसरा म्हणाला, लाल म्हणजे पाणी आणि रंग, हिरवं घ्या. तिसऱ्याकडे निळं होतं, तो म्हणाला, “मावशी, रंग बघू नका, माझा चेहरा बघा.” मी चेहरा बघितला आणि पुढे गेले. शेवटी एका दुकानात शांतपणे कॅनच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. रंग हा नुसता कंपनीच्या मर्जीचा असतो, खरी गोष्ट आत कसली रसायनं आहेत ही. एका जातीत दुसरी ओतली तर दोघं मिळून खीर होते. हे मी कॅनवर वाचलं, दादा, आणि मला पटलं. आमच्या गाडीतल्याच जातीचं घेऊन मी विजयी मुद्रेनं घरी आले, तर चोइजिल गाडीपाशी हात पुसत उभे. तुमचा कॅन गाडीत ओतून झालेला, तळाशी थोडंच उरलेलं.

तुम्हाला चोइजिल माहीत आहेत. शाळेत बायकी आवाजाच्या पोरांकडूनही वीररसाची गाणी बसवून घेणारा माणूस, पण थोरल्यांना नाही म्हणायचं म्हटलं की घसा बसतो. म्हणाले, “दादांनी एवढ्या मायेनं पाठवलं. आपण जाणार, ते विचारणार, घातलंस का? मग मी काय सांगू?” मी म्हटलं, घातलं असं सांगायचं! तर म्हणतात, सणाच्या दिवशी खोटं? सगळं काढून धुवायला वेळ नव्हता. मग काय, पाठीमागे दोन्ही कॅन, अख्ख्या मेंढीची पाठ, मांस भरलेल्या बूझचा गोठलेला डोंगर आणि तुमच्यासाठी आणलेला चहा. निघालो.

खिंडीपर्यंत गाडी गुणी मुलीसारखी चालली. चढ लागला तसा काटा वर जायला लागला. बाहेर अशी थंडी की थुंकी खाली पडेपर्यंत खडा व्हावा. आत हीटरमधून बर्फासारखा वारा, माझे पाय गोठलेले आणि बॉनेटखाली इंजिन उकळतंय! (तिघांना तीन ऋतू, आणि चोइजिल शेजारी बसून गुणगुणत होते.) खिंडीवरच्या पवित्र दगडांच्या राशीला कशाबशा तीन प्रदक्षिणा घातल्या आणि इंजिन बंद करून उतारावरून घरंगळत खाली आलो, ते थेट खांडसुरेन नावाच्या म्हातारीच्या गेरच्या तंबूसमोर. एकटीच बाई, चार शेळ्या आणि त्यांची करडं. कोण, कुठले, काही न विचारता तिनं आधी चहा ओतला. सणाचा पहिला दिवस आम्ही तिच्याच ताटावर काढला.

मग टेकडीवर चढून, जिथे फोन लागतो तिथून, मी तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात आठवतं? “तुला कुणी सांगितलं होतं गाडी घ्यायला? तिथेच बस. ट्रक पाठवतो, दोरी बांधून ओढत आणतील.” आणि मागून सगळ्यांचं हसणं. मी फोन बंद केला. रेंज गेली नव्हती, दादा. मी बंद केला.

खाली आले आणि कामाला लागले. रेडिएटरखाली म्हातारीचं जुनं बुटकं पिंप लावून तळाचा नळ सोडला. आधी काहीच येईना, मग तपकिरी लापशी आली. हो, लापशी! चमचा उभा राहील अशी. बघता बघता पिंप कलंडलं आणि थोडी बर्फावर सांडली. हे विष गोड असतं, दादा, आणि जनावरांना गोड कळतं. करडं सरळ धावत आली. काठी नाही, फावडं नाही. मी अंगातला नवा देल, लांब डगला, काढला, तोच, तुमच्यासमोर मिरवायला शिवलेला निळ्या रेशमाचा, आणि त्या डागावर टाकून वर उभी राहिले. चोइजिल करडांना हाकताहेत, म्हातारी ओरडतेय, “अगं, गारठून मरशील!” आणि मी आतल्या स्वेटरवर उभी. शेवटी फावडं आलं, डागाळलेला बर्फ देलासकट पिंपात गेला, झाकणावर दगड ठेवला. एकाही करडाच्या जिभेला थेंब लागला नाही. म्हातारी नंतर एकेक करडू उचलून त्याचं तोंड हुंगत होती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बर्फ वितळवून, गरम पाण्यानं, स्वच्छ येईपर्यंत गाडीचं पोट धुतलं. ते पाणीही पिंपात. मग मी माझं नवं कूलंट घेतलं आणि त्यात निम्मं पाणी ओतायला लागले, तर चोइजिलनी माझा हात धरला. पाणी म्हणजे बर्फ, दादा म्हणालेत थेंबही नको. मी वाद घातला नाही. दोन डबे घेतले. एकात तुमचं उरलेलं अस्सल, दुसऱ्यात माझं निम्मं पाण्याचं, आणि दोन्ही जनावरांची जीभ पोचणार नाही असे गाडीच्या टपावर बांधले. सकाळी माझं हिंदकळत होतं. तुमचं उपडं केलं, तर पडेना! पाण्याशिवाय ते लवकर गोठतं. कॅनवरच लिहिलेलं आहे, फक्त मागच्या बाजूला. मग माझंच भरलं आणि गाडी एका दमात सुरू झाली.

तेव्हा माझा खुलासा असा: गाडी मला जमते. कूलंट मी निवडलं ते बरोबर होतं. मिसळलं ते तुमचं होतं. तुमचा ट्रक आला तेव्हा ड्रायव्हरला चहा पाजून, पिंप नीट टाकून द्यायला ट्रकवर चढवून, रिकाम्या दोरीनिशी मीच परत पाठवला. रागावला असाल तर रागवा. मी माफी मागणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
नोर्जमा

ता. क. : हे पत्र हातात देणारा माणूस माझा नवरा आहे. त्याला आत घ्या, आधी चहा द्या आणि त्याला काही विचारू नका, तो सगळं तुमचंच बरोबर म्हणेल.

ता. क. २ : मी तुमच्या दारासमोर गाडीत बसले आहे. हीटर झकास चालू आहे, त्यामुळे मला काही घाई नाही. दोरीची गोष्ट ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर परत घ्या, आणि मग स्वतः बाहेर येऊन मला आत न्या. तोवर बूझही उतरणार नाहीत.

ता. क. ३ : वर्षभर तुम्हाला पाहिलेलं नाही, दादा. लवकर या. आणि येताना आधी तो कुत्रा धरा.