जुन्या आवृत्त्यांचा निकाल

१८ मे १९८७, सोमवार
कारखान्यातला ऊस मोजायचा आमचा प्रोग्रॅम आता अवाढव्य झालाय. एखादी फाईल मागितली की कॉम्प्युटर पहिल्या आवृत्तीपासून एकेक बदल जोडत बसतो. तोवर माझा चहा होतो, पेपरही वाचून होतो. हे चालणार नाही. आमच्या बेटावर ऊसतोड जूनमध्ये सुरू होते, त्या हंगामाआधी सिस्टिम पळवायची. विभागप्रमुख उगीच नाही मी. पेपरही बंद.

२० मे
पेपर वाचताना उपाय सुचला. जुने बदल पुसायचे, ताजी आवृत्ती तेवढी ठेवायची! कुंती, माझ्या हाताखालची प्रोग्रॅमर, म्हणाली, निदान टेपवर कॉपी घेऊ. म्हटलं, त्यात अख्खी दुपार जाईल. आपण वेग वाढवतोय ना? टेप परत कपाटात ठेवली. पटलं असणार.

२५ मे
पुसलं. फाईल मागितली की हजर! मॅनेजर मिस्ये जेरार फ्रेंचमध्ये ‘बियें, बियें’, छान छान, म्हणाले. बायकोला सांगितलं, बहुधा पॅरिसला भाषणाला बोलावतील. चंद्रकला म्हणाली, आधी बाबांचा ऊस नीट मोजा.

२ जून
एकाने फाईल घेतली की दुसऱ्याला थांबावं लागायचं. ते कुलूपही काढलं. आता कोणी थांबत नाही.

२२ जून
हंगाम सुरू. किरकोळ अडचण. वजनाची फाईल मी आणि कुंतीने एकाच वेळी दुरुस्त केली. माझी दुरुस्ती तिच्यावर बसली, तिची पुसली गेली. आता रिकाम्या लॉरीचं वजन दोनदा वजा होतंय. कुंती म्हणाली, मेमधली आवृत्ती काढा, ती बरोबर होती. मागितली. ‘नाही’ हे उत्तर क्षणात आलं. वेग उत्तम.

२६ जून
सासरे, तुलसीराम, रिव्हिएर दू रांपार गावाहून बसने आले. त्यांनी अर्धी लॉरी ऊस घातला होता. आमच्या हिशेबात त्यांनी काही दिलंच नाही, उलट थोडा ऊस नेलाय. मी आवृत्ती म्हणजे काय ते समजावलं. ते म्हणाले, ते असू द्या जावईबापू, मी ऊस कधी चोरला तेवढं सांगा. 

६ जुलै
कॉम्प्युटर बंद. प्रोग्रॅम कुंती नव्याने लिहितेय. तात्पुरती प्रमुखही तीच. मला मिस्येंनी वजनकाट्यावर पाठवलंय, कागद-पेन देऊन. अनुभवी माणूस हवा असणार. लॉऱ्यांची रांग रस्त्यापर्यंत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत ‘वित, वित!’ ओरडतात. लवकर कर म्हणे. मला!
दुपारी सासऱ्यांची लॉरी आली. त्यांनी माझी वजाबाकी पुन्हा करायला लावली.
चुकली होती.