आईच्या स्क्रीनची केबल

बाबा,

दूध फ्रिजमध्ये ठेवलंय. बाल्कनीच्या दाराची कडी नीट बसत नाही. पांढरी केबल तुमच्या स्क्रीनची, काळी आईच्या.

गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. कॉम्प्युटर बिघडलेला नाही, उगाच लिनक्सला शिव्या घालू नका. मी त्याच्या नोंदींचा लॉग वाचला. आईची जुनी स्क्रीन मध्येच आपोआप बंद होऊन चालू होते आणि दरवेळी त्याच मिनिटाला डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे स्क्रीनवर सगळं दाखवणारा प्रोग्रॅम, कोसळतो. मग तुम्ही छपाईसाठी जुळवलेली पानं जातात आणि परत पासवर्ड मागतो. आठवड्यात अकरा वेळा झालंय! फोनवर म्हणालात, "होतं गं कधीतरी."

सेटिंगमधून तिची स्क्रीन बंद करून पाहिली, तरी कोसळलाच. काळी केबल काढली की थांबेल. मीच काढणार होते, पण धीर झाला नाही. आई गेल्यापासून तिथे प्रुफं वाचायला कोणी बसत नाही. तरी काढायची की नाही ते तुम्हीच ठरवा. तोवर दर पानाला सेव्ह करा, कंटाळा नको.

रविवारी येते.

चिमी

ता. क. मी आले तेव्हा आजचं पान आईच्या स्क्रीनवर उघडून ठेवलेलं होतं.